बिनकोपऱ्याची टाकी

प्रिय स्पंजबाई,

पत्र जाड दिसतंय म्हणून घाबरू नकोस, आणि रागावली असशील तर फाडायच्या आधी निदान पहिलं पान वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. रविवारी तू एका दमात सांगितलंस की मागची खोली रिकामी केली आहे, भिंतींना फिकट निळा रंग दिला आहे, खिडकीतून झाड दिसतं, जिना चढायची भानगड नाही, तेव्हा मत्स्यालयाचा राजीनामा दे आणि महिनाअखेरीला सामान बांधून ये. मी नुसतं हं हं करत होते आणि शेवटी बघू म्हणाले. आपल्या घरात बघू म्हणजे नाही, हे तुझ्या बाबांना लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. तुला इतक्या वर्षांत कळलं नसेल तर स्वच्छ अक्षरात लिहिते. मी येणार नाही. राजीनामाही देणार नाही. मुदत संपेपर्यंत काम करणार आणि संपली की वाढवून मागणार. रंगाचं मात्र खरंच वाईट वाटतं, कारण रंगकाम तुझ्या किती जिवावर येतं ते मला ठाऊक आहे. जे तू फोनवर बोलली नाहीस तेही मला ऐकू आलं, पण त्याकडे मी माझ्या चालीने येईन. मध्ये पानं उलटून शेवट बघायची तुझी खोड आहे, ती आज जरा आवर.

आधी इकडची खबर. नव्या साहेबांनी मला न विचारता आमच्या फणीजेलीच्या टाकीवर पाटी लावली होती, जेलीफिशचा एक प्रकार, चावत नाही. मी त्याच दुपारी ती उतरवून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब म्हणाले, बाई, लोकांना तेवढंच कळतं. मी म्हटलं, तुम्ही जेवढं सांगाल तेवढंच कळणार ना. फणीजेली ही जेलीफिशची कुणी लागत नाही, ना बहीण ना भावजय. तिला डंख नाही, भक्ष्य धरायला चिकट पेशी आहेत. ती छत्रीसारखी उघडमीट करत नाही, अंगावरच्या आठ ओळींतल्या इवल्या फण्या हलवत जाते. आणि त्या फण्यांवरून जे सप्तरंग धावतात, तो तिने लावलेला दिवा नसतो, आपलाच उजेड ती फोडून आपल्याला परत देते. साहेबांनी हात टेकले. आता पाटीवर माझा मजकूर आहे, चार ओळी, आणि लोक उभे राहून वाचतात. एक आजोबा तर दोनदा वाचून माझ्याशी वाद घालायला आले. मला फार बरं वाटलं.

जिन्यातली शिडी मात्र तशीच आहे. तुला ती तोंडपाठ असेल. शाळा सुटली की तू तिथेच येऊन बसायचीस, माझी कामाची पाळी संपेपर्यंत. कुणा रंगाऱ्याने जिन्याच्या भिंतीवर पायरीपायरीने प्राणी काढले आहेत, सगळ्यात खाली स्पंज, मग जेलीफिश, मग किडा, मासा, बेडूक असं करत करत वरच्या मजल्यावर माणूस, नेमका स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी. माणूस सगळ्यात वर का, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले होते, त्याला घाई लागली आहे म्हणून. तू खालच्या पायरीवर स्पंजाला टेकून अभ्यास करायचीस. स्पंजबाई हे नाव तिथे पडलं, आणि पुढे तू खरोखरच स्पंजांच्या जनुकांवर काम करायला लागलीस तेव्हा मला हसू आवरेना. पण त्या शिडीत फणीजेली कुठे आहे ते आठवतं का? नाहीच आहे. रंगाऱ्याला कुठल्या पायरीवर ठेवायची ते कळलं नसणार.

त्या काळात फणीजेली आमच्याकडे टिकतच नसे. जाळ्याने धरली तर तिच्या चिंध्या होतात, म्हणून पाण्याखालून ओगराळ्याने उचलावी लागते. त्यासाठी मी घरचं ओगराळं नेलं होतं आणि बाबा आठवडाभर सूप पेल्याने वाढून घेत होते. इतकं जपून आणलेला जीव चौकोनी टाकीत घातला की पाण्याच्या ओढीने कोपऱ्यात जायचा, तिथे घासत राहायचा आणि सकाळपर्यंत फाटलेला असायचा. तेव्हा पंपांचं काम बघायला एक गृहस्थ नवे आले होते. त्यांनी भंगारातून कपडे धुवायच्या यंत्राचा ड्रम आणला, त्याला सतरा भोकं निघाली, तो टाकून दिला. मग प्लास्टिकचा जाड पत्रा तापवून गोल वळवला, एका बाजूने पातळ फटीतून पाणी सोडलं आणि आत सगळं पाणी हळूहळू गोल फिरायला लागलं. त्यात जीव भिंतीला लागतच नाही, मध्येच तरंगत राहतो. तू ते बघता बघता गरगरून खाली बसलीस आणि त्यांना भोवराकाका म्हणालीस. तेव्हापासून सगळं मत्स्यालय त्यांना भोवराकाकाच म्हणतं. तुझ्या बाबांचं आणि त्यांचं कधी फारसं जमलं नाही, हेही लिहून टाकते, नाहीतर तू म्हणशील आई सारवासारव करते. बाबांना ते बडबडे वाटायचे आणि त्यांना बाबा कडक इस्त्रीचे. दोघांचंही खरंच होतं.

बाबांना क्रम लागायचा. आधी हात, मग ताट. आधी अभ्यास, मग खेळ. बँकेत बसून त्यांचा स्वभाव तसा झाला की स्वभाव तसा म्हणून बँकेत गेले, कोण जाणे. तू कॉलेजातून ते भांडण घरी घेऊन आलीस तेव्हा त्यांना न्यायाधीश व्हायला केवढी मजा आली होती. सगळ्या प्राण्यांच्या झाडावर पहिली फांदी कुणाची फुटली, स्पंजाची की फणीजेलीची? तू स्पंजाची वकील. त्याला मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत, पोट नाही, बिचारा एका जागी बसून पाणी गाळतो, तेव्हा पहिला तोच असणार. मी माझ्या पोरींची वकील. त्यांना मज्जातंतू आहेत, स्नायू आहेत, तोंड आहे, आणि तरी मी म्हणायचे पहिली फांदी यांचीच. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे पुरावा काही नव्हता, नुसता हट्ट होता. तू म्हणायचीस, मग आई, एक तर स्पंजाने असलेले मज्जातंतू टाकून दिले, नाहीतर जगात मज्जातंतू दोनदा बनले, आणि दोन्ही गोष्टी पटत नाहीत. बाबा चमच्याने टेबलावर टकटक करून निकाल द्यायचे, सोपं आधी, अवघड नंतर, दावा स्पंजाच्या बाजूने. मग तुम्ही दोघं एक आणि मी एकटी. त्याच टेबलावर. त्या टेबलाकडेही मी येणार आहे.

बाबा गेले त्या वर्षी तुझी शेवटची परीक्षा होती. आपण दोघी कशा राहिलो ते तुला सांगायला नको. तू पेपर दिलेस, मी टाक्या घासल्या, आणि संध्याकाळी दोघी एकाच खोलीत दिवा लावून बसायचो. मग तू पुढे शिकायला गेलीस, आणि जावंच, मीच तुला स्टेशनवर सोडलं आणि परत येताना कुणाला दिसू नये म्हणून मागच्या रस्त्याने आले. त्यानंतर बरीच वर्षं मी शहाण्या विधवेसारखी वागले. सगळ्यांना सोयीचं वागले, गं. मावशी तर नावाजायची, हिने कसं निभावून नेलं. निभावणं हा शब्द मला आता चीड आणतो. लोक ज्याचं कौतुक करतात ते बहुतेक वेळा त्यांना त्रास न देण्याचं असतं.

आणि मग तो तुझा फोन आला, तो मी जन्मात विसरणार नाही. तू दम लागल्यासारखी बोलत होतीस. आई, बहुतेक तू जिंकलीस. मला समजेल असं तूच सांगितलंस. गुणसूत्रांवर जनुकांचे जुने गट असतात. स्पंजांत आणि बाकीच्या सगळ्या प्राण्यांत त्यातले काही गट एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात, चहात साखर विरघळावी तसे, आणि विरघळलेली साखर कुणाला परत काढता येत नाही. फणीजेलीत मात्र ते अजून वेगवेगळे आहेत, प्राणी व्हायच्याही आधीच्या एकपेशी जिवांत आहेत तसेच. म्हणजे साखर पडायच्या आधीच ती वेगळी निघाली. तू त्याच दमात हेही बजावलंस की भांडण अजून मिटलेलं नाही, दुसऱ्या हिशेबाने स्पंजच पुढे येतो म्हणणारी मंडळी आहेत आणि त्यात दम आहे. ते मी तेव्हाही कबूल केलं आणि आताही करते. पण मला अभिमान कशाचा वाटला सांगू? माझ्या जिंकण्याचा नव्हे. तुझी सगळी कमाई स्पंजावरची, तरी पुरावा समोर आल्यावर तू तो लपवला नाहीस, पहिला फोन मला केलास. बाबा असते तर त्यांनीही चमचा खाली ठेवला असता.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. तुला ती अर्धीच माहीत आहे, बाकी अर्धी ऐक. बोटीवरून आलेल्या जिवांपैकी दोघींच्या कडा प्रवासात फाटल्या होत्या. जखमीला वेगळ्या वाडग्यात ठेवायचं हा आमचा नियम, आणि ज्या वाडग्यात जीव आहे त्याच्याखाली काळा कागद ठेवायचा, कारण नुसत्या उजेडात फणीजेली पाण्यात दिसतच नाही. त्या दिवशी कागद भिजला म्हणून मी तो काढून वाळत घातला. काकांनी खिडकीतला वाडगा बघितला, खाली कागद नाही, वरून नितळ पाणी, म्हणजे रिकामा, असं समजून दुसरी जखमी त्यातच सोडली. सकाळी मी आले, दुसरी कुठे विचारलं तर काका म्हणाले याच वाडग्यात सोडली, कागद सरकवला आणि बघते तर एकच. मेलेली फणीजेली बघता बघता पाण्यात विरून जाते, तेव्हा मला वाटलं, गेली एक. मी त्यांना असं काही बोलले की वरच्या मजल्यावरच्या माणसालाही ऐकू गेलं असेल. ते गरीब गायीसारखे उभे. मग मी वाकून नीट पाहिलं. एक होती खरी, पण तिला तोंडं दोन होती. वर कुठे आणि खाली कुठे ते सांगणारा जो वाळूएवढा खडा प्रत्येकीच्या डोक्यावर असतो, तेही दोन. मधली शिवण शोधून सापडेना. काचेच्या काडीने एकीला हळूच टोचलं तर दोघी एकदम आक्रसल्या. एका तोंडात तांबडी कोळंबीची पिल्लं घातली तर ती फिरत फिरत दुसरीच्या पोटात गेली. घाण मात्र दोघी आपापल्या वेळेला आपापल्या बाजूने टाकत होत्या. काका म्हणाले, संसार एक, संडास दोन. मी इतकी हसले की मला स्टुलावर बसावं लागलं.

तुला फोन केला तर तू म्हणालीस, दुसरीकडेही लोकांना हे दिसलं आहे, पण हात लावू नका, मी निघाले. आणि कॅमेरा घेऊन पहिल्या गाडीने आलीस. ती दुपार आठव. आपण तिघं त्या वाडग्यावर डोक्याला डोकं लावून वाकलेलो, तू सांगत होतीस की हिला आपलं आणि परकं ओळखायची रीतच बहुधा नाही, जखमेला जखम लागली की मज्जातंतू सरळ जोडले जातात. काका तुला उजेड धरून देत होते, तू त्यांना लहानपणीसारखी दटावत होतीस, भोवराकाका, हात हलवू नका. मी तुम्हा दोघांकडे बघत होते. किती वर्षांनी मला वाटलं की माझी माणसं एका जागी आहेत.

संध्याकाळी आपण घरी आलो आणि तू जेवायला टेबलाशी बसलीस. तुझा हात सवयीने कोपऱ्यावर गेला, लहानपणी तू तो कोपरा नखाने खरवडायचीस ना, तिथे. आणि कोपरा नव्हता. तू चारी बाजूंना हात फिरवलास. कोपरे कुणी काढले, असं विचारलंस. मी ताटं मांडत राहिले. तू पुन्हा विचारलं नाहीस, पण माझ्या तोंडाकडे बघून तुला कळलं. बाबांचं टेबल होतं ते, एवढंच म्हणालीस. चार दिवस राहायला आलेली तू सकाळच्या गाडीने निघून गेलीस, आणि रविवारी निळ्या खोलीचा फोन आला. म्हणजे रंग खोलीला दिलास, पण लपवायचं होतं दुसरंच. मी तुझी आई आहे, मला एवढं कळतं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या टेबलाच्या कोपऱ्याने माझी कंबर लग्न झाल्यापासून काळीनिळी असायची. दोन वर्षांपूर्वी काका नळ दुरुस्त करायला आले होते, त्यांच्यासमोर मी धडकले. मी आत चहा करत होते तेवढ्यात त्यांनी पिशवीतून कानस आणि पॉलिश पेपर काढून एक कोपरा गोल करून टाकला. मी बाहेर आले आणि भडकले. माझ्या नवऱ्याचं टेबल, तुम्हाला सांगितलं कुणी, असं वाट्टेल ते बोलले. ते म्हणाले, विचारायला हवं होतं, चुकलं. चहा न घेता गेले. त्यानंतर कितीतरी महिने ते टेबल तसंच होतं, एक कोपरा गोल आणि तीन टोकदार. ते कामावर मला टाळत होते, मीही बोलत नव्हते. पण मी जेवायला बसायचे ती हळूहळू त्या गोल कोपऱ्याशी बसायला लागले. आणि एका सुट्टीच्या दिवशी मी स्वतः दुकानात जाऊन पॉलिश पेपर आणला आणि उरलेले तीन कोपरे घासून काढले. हात सोलवटले, सगळं घर भुशाने भरलं. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाले, टेबल बघायला या. आता मी त्याला तो लिहिते आहे, बघितलंस ना? इतकी वर्षं ते लिहिलं. एक कोपरा त्याने काढला, तीन मी काढले. हे तुला नीट कळावं म्हणून इतकं लांबण लावलं. कुणी मला भुलवलं नाही, कुणी माझ्या एकटेपणाचा फायदा घेतला नाही. तो साठीला टेकलेला माणूस, पन्नाशी उलटेपर्यंत आईचं करत बसला म्हणून लग्न राहिलं, घोरतो, एकच विनोद तीनदा सांगतो आणि भांडी घासताना अर्धी गाणी चुकीची म्हणतो. मला तो आवडतो. आवडतो हाच शब्द. आधार, सोबत, उतारवयाची काठी असले शब्द मावशीने पुढे केले तेव्हा मी ते तिला परत दिले. काठी हवी असती तर दुकानात मिळते.

मावशीला मीच सांगितलं, तुझ्यामार्फत कळण्यापेक्षा बरं. ती म्हणाली, साठी बुद्धी नाठी. म्हणाली, या वयात ही कसली थेरं, लोक घोडनवरी म्हणतील. म्हणू देत की. नवरी तर म्हणतील. प्रत्येक गोष्टीचं वय असतं, असंही म्हणाली, आधी हे, मग ते, आणि शेवटी गप्प बसणं. हीच ती जिन्यातली शिडी, बाई. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ती रंगवून ठेवली आहे. तूच मला शिकवलंस की ती शिडी नाही, झाड आहे, आणि आधी वेगळी निघालेली फांदी म्हणजे खालची पायरी नव्हे. तीही आपल्याइतकीच वर्षं जगत आली आहे, आपल्या पद्धतीने. तूच दाखवलंस की उपाशी राहिली, दुखावली की फणीजेली मोठी असून पुन्हा पिल्लाच्या रूपात जाते आणि खायला मिळालं की परत वाढते. मला पुन्हा पोर व्हायचं नाही, गुडघे तेवढे परत मिळाले असते तर घेतले असते. पण जगात हा क्रम मोडलेला चालतो, त्यावर तू भाषणं देतेस, लोक टाळ्या वाजवतात, आणि आईच्या स्वयंपाकघरात मात्र सोपं आधी, अवघड नंतर? पुराव्यापुढे मान तुकवणारी माझी मुलगी घरात असं आंधळेपण करते, याचा मला राग आला. आला म्हणून लिहिते. मनात ठेवून मी तुझ्याशी गोड बोलणार नाही.

राहिले बाबा. त्यांची जागा कुणी घेतोय असं तुला वाटतं, हे तू न बोलताही मला टोचतंय. त्या जोडीला अजून दोन खडे आहेत, रोज सकाळी मी बघते. एक जीव झाल्या तरी वर कुठे आणि खाली कुठे हे प्रत्येकीचं प्रत्येकीला ठाऊक आहे. माझा जो खडा आहे तो तुझ्या बाबांबरोबर घडला. हात धुतल्याशिवाय मी अजून ताटाला शिवत नाही, आणि परवा भोवऱ्यालाही उठवून हात धुवायला लावले. त्याने निमूट धुतले, म्हणाला, साहेबांचा हुकूम. साहेब म्हणजे बाबा. टेबल आजही त्यांचंच आहे. चार पायांवर उभं आहे, तुझी नखं उमटली ती खालची बाजू मी घासली नाही, वाकून बघितलं असतंस तर दिसली असती. आणि मी फणीजेली नाही की अंगाला अंग लागलं म्हणून जोडली गेले. मला आपलं आणि परकं ओळखता येतं. दोन वर्षं घासून, बघून, भांडून ठरवलं आहे.

ती जोडी अजून छान आहे. मोठ्या गोल टाकीत सोडली, शेजारी माझ्या हातची पाटी आहे, लोक खोटी समजून साहेबांकडे तक्रार करतात. आता हे सगळं आजच का लिहिलं ते सांगते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन सही करणार आहोत. हार नाहीत, पंगत नाही, अकरापर्यंत परत येऊन टाक्यांचं पाणी बदलायचं आहे. साक्षीदार तीन लागतात. एक आपल्या तिकीटवाल्या बाई, त्या तर साडीही काढून बसल्या आहेत. दुसरे साहेब. तिसऱ्यासाठी मावशीचा मुलगा कुरकुरत का होईना आला असता. कार्यालयातल्या माणसाने विचारलं, तिसरं नाव कुणाचं लिहू? मी तुझं लिहून दिलं आहे, पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. तुला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू बघू म्हणाली असतीस, आणि बघू म्हणजे काय ते आपल्या दोघींना माहीत आहे. नाव पेनाने लिहिलं आहे. खोडायचं असेल तर ये, आणि माझ्यासमोर उभी राहून स्वतःच्या हाताने खोड.

तुझीच, आणि त्यात कुणाचीही झाले तरी तसूभर कमी न होणारी,
आई